बिब्बा फोडणारे हात

१९४३ साली भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना एका चमत्कारिक पुरळाने छळायला सुरुवात केली. मानेच्या मागे, शर्टाची कॉलर जिथे टेकते नेमक्या त्या जागी लालभडक चट्टा उठे, त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड येत आणि रात्रीची झोप उडवणारी खाज सुटे. कुणाला तोच चट्टा कमरेला, पँटच्या पट्ट्याखाली. कुणाला पायमोज्याच्या काठाशी. आसामात तेव्हा अमेरिकी सैन्याच्या लेडो रस्त्याचं काम जोरात होतं. मलेरिया, आमांश, जळवा यांनी माणसं बेजार झालेली असताना एखाद्या चट्ट्याकडे दुर्लक्ष झालं असतं तर नवल नव्हतं. पण तिथल्या मार्गेरिटा गावात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चालवलेलं लष्करी इस्पितळ होतं आणि त्यात क्लॅरन्स लिव्हिंगूड नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चट्ट्यांबरोबर कपडेही पाहिले. जिथे चट्टा, तिथे कपड्याच्या आतल्या बाजूला शाईसारखी काळी खूण होती. परटाची खूण.

ती खूण बिब्ब्याची होती. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या आजारावर लेख आले आणि ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत कायमचं जाऊन बसलं.

परटाची ही पद्धत फार जुनी आणि अतिशय पक्की होती. काळा, हृदयाच्या आकाराचा, इंचभर लांबीचा बिब्बा घ्यायचा, त्याच्या सालीत सुई किंवा टोकदार काडी खुपसायची आणि टोकाला आलेल्या रसाने कॉलरच्या आत, सदऱ्याच्या काठाला, धोतराच्या कोपऱ्यात दोन ठिपके, एक रेघ, एखादी फुली काढायची. वरून ओला चुना टेकवायचा. रस सालीतून निघतो तेव्हा तपकिरी असतो. हवा आणि चुना लागला की काळाकुट्ट होतो. मग तो कपडा सोड्याच्या भट्टीत उकळा, दगडावर आपटा, उन्हात वाळवा, खूण हलत नाही. कपडा फाटेल, पण खूण राहील. प्रत्येक घराची खूण वेगळी आणि ती सगळी परटाच्या डोक्यात. अक्षरओळख नसलेला माणूस शेकडो घरांचे कपडे मिसळून धुई आणि ज्याचा त्याला परत देई, तो या ठिपक्यांच्या जोरावर. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९०च्या सुमारास उभा राहिला, तेव्हा शहरभरच्या कपड्यांची हीच वहिवाट होती. पोलिसांनाही या खुणांचा उपयोग होई. बेवारस मृतदेह सापडला की अंगावरच्या कपड्याची खूण पाहायची आणि ती ओळखणारा परीट शोधायचा.

अमेरिकी सैनिकांनाच ही खूण इतकी का झोंबली, याचं उत्तर त्यांच्या मायदेशात होतं. तिकडच्या रानात, कुंपणावर ‘पॉयझन आयव्ही’ नावाची वेल माजते. तिचा चीक लागून अंग सुजलेली माणसं तिकडे पुष्कळ. तिथल्या निम्म्याहून अधिक प्रौढांची त्वचा त्या चिकाला बिचकते. ही वेल आणि बिब्बा एकाच कुळातले. आंबा, काजू, चारोळी, पिस्ता आणि जपानी लाखेचं झाडही याच कुळातलं. या कुळातल्या अनेक झाडांच्या चिकात एकमेकांशी जवळचं नातं सांगणारी तेलकट रसायनं असतात. जपानी लाखेतल्या रसायनाची रचना रिको माजिमा या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत उलगडली, ते उरुशिओल. बिब्ब्याच्या तेलातल्या भाऊबंदाला १९३१ साली पिल्ले आणि सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी ‘भिलावनॉल’ म्हटलं. हे रसायन त्वचेत मुरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला परकं समजू लागतात. पहिल्या वेळी बहुधा काही दिसत नाही. ओळख पटल्यावर मात्र पुढच्या स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांत अंग उततं. सैनिकाच्या त्वचेची ओळख अमेरिकेतच पटलेली होती. भारतातल्या परटाने नकळत तिला पुन्हा आठवण करून दिली.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. इंग्रजांच्या काळापासून ‘धोबी इच’ हा शब्द जांघेतल्या गजकर्णाला वापरला जातो. गोऱ्या साहेबांची समजूत अशी, की परीट सगळ्यांचे कपडे एका पाण्यात धुतो, त्यातून हा रोग येतो. ते गजकर्ण बुरशीचं; उष्ण, दमट हवेत घट्ट कपडे घालून घामेजलेल्या अंगावर ते फोफावतं. त्याचं खापर परटाच्या माथी फुटलं आणि नावाच्या रूपाने आजही फुटतं आहे. परटाच्या स्वतःच्या हातांबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. दिवसभर पाण्यात आणि सोड्यात राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, नखांच्या कडा सुजून पू धरतो, तळहाताला भेगा पडतात. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ मोदेना शहरात १७०० साली छापला, त्यात धोबिणींवर वेगळं प्रकरण आहे आणि राखेच्या खाराने त्यांचे हात कसे फाटतात ते त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे पुरावा नव्हता असं नाही.

बिब्ब्याच्या बाबतीत तर पुरावा त्याहून कितीतरी जुना. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या अध्यायात भल्लातकाचे म्हणजे बिब्ब्याचे दहा प्रयोग सांगितले आहेत. पिकलेली, न किडलेली फळं उन्हाळ्यात गोळा करायची, चार महिने जवाच्या किंवा उडदाच्या राशीत पुरून ठेवायची आणि थंडीत काढायची. दहा बिब्ब्यांपासून सुरुवात करून हळूहळू तीसपर्यंत जायचं. काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावायचं, म्हणजे जीभ आणि टाळू पोळत नाही. बिब्बा अग्नीसारखा तीक्ष्ण आहे आणि नीट वापरला तर अमृतासारखा, असं ग्रंथकाराचं मत. पुढच्या काळात औषधं करणाऱ्यांनी बिब्ब्याची शुद्धी बसवली: देठाकडची टोपी कापायची, विटेच्या भुकटीत बिब्बे घोळत-घासत ठेवायचे, भुकटीने तेल शोषलं की गरम पाण्याने धुवायचे. हे काम करणाऱ्याने हातांना खोबरेल चोपडायचं, हा दंडक. स्निग्ध पदार्थाचा थर आधी दिला तर चीक थेट कातडीला भिडत नाही, हे प्रयोगशाळेची वाट न बघता माणसांनी ओळखलं होतं.

महाराष्ट्राच्या घराघरात बिब्बा होता आणि अजून आहे. दारावर लिंबू-मिरचीबरोबर तो टांगतात, लहान मुलाच्या गळ्यात ओवतात, टाचेच्या भेगेत आणि कुरुपावर त्याचा चटका देतात, लंगड्या बैलाच्या सांध्यावर डागतात. आणि जवळपास प्रत्येक घरात कुणाला तरी तो ‘उतलेला’ असतो. औषध म्हणून लावला आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला, बिब्बा हाताळलेला हात डोळ्याला लागला आणि दोन दिवस डोळा उघडला नाही, असे प्रसंग घरोघरी सांगितले जातात. मग तीळ-खोबरं वाटून लावायचं.

या उतण्याचा गैरवापरही झाला. खोटी फिर्याद करायची असेल तर अंगावर बिब्ब्याचा रस चोळायचा. मुका मार लागल्यासारखा काळसर डाग उठतो. जयसिंग मोदी यांचं न्यायवैद्यकाचं पाठ्यपुस्तक १९२० साली निघालं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी ते वापरलं. अशी बनावट इजा कशी ओळखायची हे न्यायवैद्यकाची पुस्तकं बारकाईने शिकवतात. खऱ्या मुक्या माराचा रंग दिवसागणिक बदलत जातो. बिब्ब्याचा डाग काळा-तपकिरीच राहतो, त्याच्या कडेला बारीक फोड असतात आणि तो खाजतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिर्यादीची बोटं पाहायची. रस लावताना आणि नंतर खाजवताना बोटांच्या टोकांनाही तेच फोड आलेले असतात. हात खोटं बोलत नाहीत, हे न्यायालयाला ठाऊक होतं. त्याच फोडांचे हात घेऊन रोज कामाला बसणाऱ्या बायका मात्र कुठल्या पुस्तकात आल्या नाहीत.

या बायका विदर्भात आणि मराठवाड्यात गोडंबी फोडतात. बिब्ब्याच्या टणक बीच्या आत बदामासारखा पांढरा गर असतो, तो म्हणजे गोडंबी. थंडीत डिंकाच्या लाडवांत, बाळंतिणीच्या खुराकात तिला मान आहे. किराणा दुकानात ती स्वच्छ, कोरडी, पाकिटात बांधलेली मिळते आणि चांगली महाग असते. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता मात्र त्या जहाल तेलातूनच जातो. बिब्ब्याचं कवच मधमाशीच्या पोळ्यासारखं आहे. त्याच्या बारीक कप्प्यांत तेल भरलेलं असतं आणि कवच फुटलं की ते उडतं.

काम असं चालतं. वाळवलेल्या बिब्ब्यांचा ढीग, शेजारी राखेचं घमेलं. बाई हाताला तेल चोपडते, वर राख घेते. एक बिब्बा दगडावर उभा धरायचा, दुसऱ्या दगडाने किंवा लोखंडी तुकड्याने बेताचा ठोका घालायचा. ठोका हलका पडला तर कवच फुटत नाही. जोराचा बसला तर आतला गर चुरतो आणि चुऱ्याला भाव नाही. म्हणून बोटं बिब्ब्याच्या अगदी जवळ ठेवावी लागतात, आणि उडणारं तेल आधी तिथेच येतं. मग गर काढायचा, तोही बोटांनीच. वरची पातळ साल सोलायची. पुन्हा दुसरा बिब्बा. काही ठिकाणी बिब्बे आधी भाजतात. त्यात तेल जळतं, पण त्याचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, चेहरा सुजतो. मजुरी वजनावर. काही दिवसांत हात मनगटापर्यंत काळे पडतात, तळव्याची साल निघते, भेगांत राख बसते. घरात बसून करायचं काम म्हणून शेजारी मुलं असतात, त्याच हातांनी भाकरी थापायची असते. जिला फार उतलं ती दोन दिवस घरी बसते. त्या दोन दिवसांची मजुरी गेली, एवढीच तिच्या आजाराची नोंद.

कोकणात आणि गोव्यात हीच गोष्ट काजूच्या रूपाने घडली. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू गोव्यात आणला. तो पश्चिम किनाऱ्यावर असा रुजला की आज वेंगुर्ले-मालवणच्या डोंगरउतारांची कल्पना त्याच्याविना करवत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली ‘वेंगुर्ला’ नावाची वाणं देशभर लागली. काजूगराभोवतीच्या कवचातही तेच पोळं आणि त्यात तसंच तेल. कवचाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा तेलाचा. हे तेल वाया जात नाही. गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात, रंगांत, वार्निशात ते लागतं. कारखान्यात काजू आधी वाफवतात किंवा भाजतात, मग बायका हातापायाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर एकेक बी कापतात. वाफवलेल्या बीतलं तेल कवचातच राहतं, त्यामुळे पातं बसलं की बोटांवर येतं. इथेही मजुरी किलोवर आणि इथेही हाताला एरंडेल किंवा खोबरेल, वर राख. हातमोजे दिले तरी बऱ्याच जणी काढून ठेवतात. आळसापायी नव्हे, जाड मोज्यात बी नीट धरता येत नाही, वेग कमी होतो आणि संध्याकाळी पैसे कमी पडतात. कामाचा दर ठरवणाऱ्याने मोज्यांचा वेळ त्या दरात धरला नाही, तर मोजे खुंटीवरच राहणार.

मोज्यांतही फरक आहे. साध्या रबराच्या पातळ मोज्यातून हे तेल हळूहळू आरपार जातं आणि मग मोजाच तेलाची पट्टी होऊन हाताला चिकटून राहतो. नायट्राइलचे किंवा जाड व्हिनाइलचे मोजे जास्त टिकाव धरतात, तेही वारंवार बदलले तर. तेल अंगावर उडालं तर लगेच, काही मिनिटांतच साबणाने धुतल्याचा उपयोग होतो. तासाभराने धुऊन फारसं हाती लागत नाही. ही माहिती अवघड नाही आणि महागही नाही. पॉयझन आयव्हीच्या देशात ती शाळकरी पोरांना शिकवतात.

कायद्यात या दुखण्याला जागा आहे. १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्यांची खबर सरकारला द्यावीच लागते अशा आजारांच्या यादीत, रसायनं आणि रंग यांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह नोंदलेला होता. तिथे त्याचे दोन प्रकारही सांगितले होते, एक थेट दाह करणाऱ्या पदार्थांचा आणि दुसरा ॲलर्जीचा. असा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला कळवायचं, अशी तरतूद होती. पण तो मूळ कायदा लागू होई तो वीज वापरणाऱ्या जागी १० आणि वीज नसलेल्या जागी २० कामगार असतील तेव्हा. ओसरीवर राखेचं घमेलं घेऊन बसलेली बाई अशा मोजमापात बसतच नाही. तिच्याकडे निरीक्षक येत नाही, कारण तिचं घर कारखाना नाही. व्यापारी मोजे देत नाही, कारण ती त्याची कामगार नाही. तो फक्त किलोवर गोडंबी विकत घेतो.

इतिहासाचा हा हिशेब नीट मांडला तर चीड यावी असाच आहे. बिब्ब्याचा काढा पिणाऱ्याच्या जिभेसाठी तूप सांगितलं गेलं. सैनिकाच्या मानेवरच्या चट्ट्यासाठी ऐन युद्धात डॉक्टर कामाला लागले आणि वर्षाच्या आत शोधलेख छापून आले. खोटी फिर्याद पकडण्यासाठी बोटांची टोकं तपासण्याची पद्धत बसली. परटांनी हळूहळू बिब्बा सोडला. खुणेच्या शाया आल्या, रंगीत दोऱ्याचे टाके आणि कापडी चिठ्ठ्या आल्या, आणि गिऱ्हाइकाची मान सुटली. उरली ती एकच व्यक्ती, जिच्या हाताला बिब्बा सगळ्यात जास्त लागतो. तिच्यापर्यंत आजही पोचली आहे ती फक्त राख आणि तेल, म्हणजे तिच्या आजीपाशी जेवढं होतं तेवढंच.

रामाझिनीने वैद्यांना एक सूचना केली होती: रोग्याला जे प्रश्न विचारायची पद्धत आहे, त्यांत ‘तुझा धंदा कोणता’ या प्रश्नाची भर घाला. तीनशे वर्षांनंतरही तालुक्याच्या दवाखान्यात काळे, सोललेले हात घेऊन आलेल्या बाईच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं जातं, मलमाची ट्यूब दिली जाते आणि आठ दिवसांनी ती पुन्हा येते. डॉक्टरांनी तिथे ‘गोडंबी फोडते’ किंवा ‘काजू कापते’ असं लिहावं. अशा नोंदी साठल्या तर आरोग्य खात्याला आणि कामगार खात्याला या बायका दिसू लागतील. गोडंबीच्या व्यापाऱ्यांनी मालाबरोबर चांगले मोजे आणि साबण पुरवावा आणि मोजे घालून काम जेवढं होतं त्यावर दर ठरवावा. आणि येत्या थंडीत डिंकाच्या लाडवांसाठी गोडंबी घेताना दुकानदाराला विचारा, ही कुठल्या गावची, कुणी फोडलेली. गिऱ्हाईक विचारू लागलं, तर दुकानदार व्यापाऱ्याला विचारील.